पसाडीनाचा सामना डरहॅमला

महायुद्धाच्या इतिहासग्रंथांत सेनापतींची नावे असतात, मोहिमांचे नकाशे असतात, तहांची कलमेही असतात. परंतु ज्या वयाची मुले त्या मोहिमांवर धाडली गेली ती आदल्या वर्षी कोणत्या उद्योगात होती, याची विचारपूस इतिहासकार क्वचितच करतात. घरात कॉलेजात जाणारा मुलगा असलेल्या आईबापांस मात्र नेमका तोच प्रश्न सुचावयाचा. म्हणून या महिन्यात आम्ही आमच्या सदरात अमेरिकेतील एका कॉलेजच्या फुटबॉल संघाची १९४१ सालची हकीकत सांगावयाचे योजिले आहे. खेळाची आवड नसलेल्या वाचकांनी, विशेषतः आमच्या भगिनींनी, पान उलटण्याची घाई करू नये अशी विनंती आहे. कारण यात खेळ थोडाच आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानांवरील फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो बहुधा हातात धरून पळावयाचे किंवा दूरवर उभ्या असलेल्या गड्याकडे फेकावयाचा. पायाचा उपयोग प्रसंगोपात्त. प्रतिपक्षाच्या हद्दीच्या शेवटापलीकडे चेंडू नेला की सहा गुण मिळतात, आणि त्यानंतर खांबांमधून लाथ मारून चेंडू धाडता आला की आणखी एक. अडविणाऱ्याने पळणाऱ्यास अंगाखाली पाडावयाचे, ही त्यातील रीत. आमच्याकडील एखाद्या आजीबाईंनी हा प्रकार पाहिला तर खेळ व मारामारी यांतील भेद तेथील लोकांस कळतो की नाही, अशी शंका त्या खचित घेतील. पण कॉलेजांच्या या सामन्यांचे वेड त्या देशात एवढे, की कित्येक विद्यापीठांची कीर्ती त्यांच्या ग्रंथालयांपेक्षा त्यांच्या मैदानांमुळेच घरोघर गेली आहे. हे बरे की वाईट, याविषयी आमचे मत वाचकांनी ओळखलेच असेल. ते येथे बाजूस ठेवू.

या सर्व सामन्यांत मानाचा सामना म्हणजे कॅलिफोर्नियातील पसाडीना या गावी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी होणारा ‘रोझ बोल’. पहिला सामना १९०२ साली झाला व १९१६ पासून तो दर वर्षी होऊ लागला. सकाळी फुलांनी मढविलेल्या रथांची मिरवणूक व दुपारी सामना, असा तो उत्सव. पश्चिम किनाऱ्यावरील कॉलेजांत जे पहिले येईल त्याने यजमानपक्ष म्हणून उतरावयाचे आणि देशातील दुसऱ्या एखाद्या बलाढ्य संघास पाचारण करावयाचे, असा त्या काळी प्रघात होता.

आता आमच्या संघाकडे वळू. ऑरेगन प्रांतात कॉर्व्हॅलिस म्हणून एक लहानसे गाव आहे. तेथील ऑरेगन स्टेट कॉलेज शेतकी व वनविद्या या विषयांकरिता प्रसिद्ध होते. फुटबॉलच्या मानकऱ्यांत त्याची गणना कोणी करीत नसे. लॉन स्टायनर हा त्या संघाचा शिक्षक. १९४१ च्या सप्टेंबर महिन्यात संघाचा पहिलाच सामना लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी झाला, व अगदी शेवटच्या क्षणांत तो ७ विरुद्ध १३ असा हातचा गेला. अशा प्रारंभानंतर कोणीही पुढची आशा सोडली असती. परंतु पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टन विद्यापीठावर ९–६ अशी मात झाली, आणि त्यानंतर आला स्टॅनफर्डचा संघ. हे स्टॅनफर्ड आदल्या मोसमात एकही सामना न हरता रोझ बोल जिंकून बसले होते. कॉर्व्हॅलिसच्या मुलांनी त्यास एकही गुण मिळू दिला नाही व स्वतः दहा मिळविले. मध्यंतरी वॉशिंग्टन स्टेटकडून ०–७ अशी हार खावी लागली. पण आयडाहो, यू. सी. एल. ए., कॅलिफोर्निया व मॉन्टॅना या चारही संघांस त्यांनी कोरडेच परत पाठविले. २९ नोव्हेंबर रोजी शेजारच्याच ऑरेगन विद्यापीठास १२–७ असे हरवून त्यांनी पसाडीनाचा मान मिळविला. नऊ सामन्यांत मिळून त्यांच्याविरुद्ध अवघे ३३ गुण झाले होते. चमकदार खेळापेक्षा चिवट बचाव हे या संघाचे बळ होते, हे यावरून दिसून येईल.

त्या कॉलेजास रोझ बोलचे निमंत्रण येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी प्रतिपक्षी म्हणून निवडला तो उत्तर कॅरोलिना प्रांतातील डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठाचा संघ. हा संघ त्या मोसमात नऊपैकी नऊ सामने जिंकला होता, व त्याच्या ३११ गुणांपुढे सर्व प्रतिपक्ष्यांचे मिळून ४१ गुण होते. त्याचा शिक्षक वॉलेस वेड याचे नाव तर देशभर गाजलेले. पूर्वी अलाबामाचे संघ घेऊन तो पसाडीनास तीन वेळा जाऊन आला होता. कॉर्व्हॅलिसच्या मुलांचा निभाव लागेल असे फारच थोड्यांस वाटत होते.

विजयाचा आनंद जेमतेम आठ दिवस टिकला. ७ डिसेंबरच्या सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बाँब टाकले. पॅसिफिक किनाऱ्यावर एकच घबराट उडाली. रात्री दिवे मालविले जाऊ लागले, शत्रूची जहाजे दिसल्याच्या खऱ्याखोट्या वार्ता उठू लागल्या. पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जॉन डेविट यांनी पसाडीनात एवढा मोठा जनसमुदाय एका जागी जमवू नये असे सांगितले. डिसेंबरच्या मध्यास मिरवणूक रद्द झाली व सामनाही रद्द झाल्यासारखाच झाला. त्या वेळी वेड याने ड्यूकचे मैदान देऊ केले. त्या मैदानावर सुमारे ३५,००० माणसे बसत. शेजारच्या दोन विद्यापीठांकडून लाकडी बाके मागून आणून ती सोय ५६,००० वर नेण्यात आली. सगळी तयारी पंधरवड्याच्या आत उरकली. लग्नघरी पाहुणे वाढले म्हणजे शेजाऱ्यांकडून पाट व भांडी आणावी, तसाच हा प्रकार. फक्त पाट वीसएक हजार लागले.

युद्ध पेटले असता अशा सामन्याकरिता एवढा खटाटोप करावा काय, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. आम्हांसही तो विचारावासा वाटला. लढाईचा पहिला महिना, मोटारीच्या धावा व आगगाडीचे डबे सरकारास हवे झालेले, आणि तशात एका कॉलेजचा संघ देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सुमारे तीन हजार मैल, चेंडू खेळावयास निघतो! तथापि त्या मुलांचे वय ध्यानी घेतले म्हणजे आमचे मन फिरते. त्यांच्यापैकी बहुतेकांस काही महिन्यांतच बोलावणे येणार, हे त्यांस व त्यांच्या घरच्यांस पक्के ठाऊक होते. त्यापूर्वी त्यांच्या हक्काचा एक दिवस त्यांस मिळाला, तर त्याचा हिशेब कोणी कशास मांडावा?

परंतु तो दिवस सर्वांस मिळाला नाही, आणि आमच्या हकीकतीचा गाभा हाच आहे.

संघात जॅक योशिहारा नावाचा एक राखीव खेळाडू होता. त्याचा जन्म जपानातला. तीन वर्षांचा असता तो आईबरोबर अमेरिकेत आला व पोर्टलंडमध्ये वाढला. भाषा, शिक्षण, सवयी, खेळ, सर्व अमेरिकन. फक्त चेहरा जपानी. पर्ल हार्बरनंतर थोड्याच दिवसांत सराव चालू असता केंद्रीय गुप्त पोलिसांची माणसे मैदानावर आली व या मुलास संघाबरोबर जाता येणार नाही असे शिक्षकास सांगून गेली. जपानी वंशाच्या माणसास राहत्या गावापासून ठराविक मैलांबाहेर जाण्याची मनाई झाली होती. सोबत्यांस राग आला, पण त्या रागाचा उपयोग काय होणार? गाडी सुटली, योशिहारा मागे राहिला. संघातल्या कोणासही त्याच्याविषयी तिळमात्र संशय नव्हता; ज्यांनी त्यास कधी पाहिले नव्हते त्यांस मात्र तो होता. संशय हा बहुधा दुरूनच घेतला जातो. ज्या मुलाने आपल्याबरोबर चिखलात लोळून अंग फोडून घेतले त्याचा संशय घेणे माणसास जड जाते, आणि म्हणूनच असले हुकूम मैदानापासून फार दूरच्या कचेऱ्यांत लिहिले जातात.

बाकीचा संघ देश ओलांडून नाताळच्या आदल्या दिवशी डरहॅमला पोहोचला. तेथील लोकांनी त्यांचे आतिथ्य मनापासून केले. उत्तर कॅरोलिनातील लोक पाहुणचाराविषयी प्रसिद्ध आहेत. पण त्याच गावात काळ्या लोकांच्या शाळा वेगळ्या, गाडीतील जागा वेगळ्या, आणि ड्यूकच्या वर्गांत तर त्यांस प्रवेशच नव्हता. पदवीपूर्व वर्गात पहिले काळे विद्यार्थी तेथे १९६३ साली बसले. पाहुण्यास पाटावर बसवावयाचे व घरच्या गड्याने ओसरीखाली उभे राहावयाचे, ही रीत आमच्या वाचकांच्या वाडवडिलांस अपरिचित नव्हती, म्हणून या ठिकाणी आम्ही अमेरिकेस नावे ठेवण्याची घाई करीत नाही.

विषय निघालाच आहे तर येथे एक आडवाटेची हकीकत सांगतो, कारण तीत हिंदुस्थानचा धागा आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या संघात विल्मेथ सिदात-सिंग नावाचा एक उत्तम खेळाडू होता. तो काळ्या आईबापांचा मुलगा. बाप वारल्यावर आईने एका हिंदी डॉक्टराशी लग्न केले व मुलास सावत्र बापाचे नाव मिळाले. नाव व वर्ण पाहून वर्तमानपत्रे त्यास ‘हिंदू’ म्हणत, आणि ‘हिंदू’ म्हणून त्यास कोणी हरकत घेत नसे. १९३७ साली बाल्टिमोर येथे मेरिलंडशी सामना व्हावयाचा होता. त्याच्या तोंडावर एका काळ्या पत्रकाराने त्याचे खरे कूळ छापले, आणि मेरिलंडच्या हट्टापायी त्यास मैदानात उतरू दिले नाही. सिरॅक्यूज १३–० असे हरले. पुढच्या वर्षी सामना सिरॅक्यूज येथे झाला, तो खेळला आणि निकाल ५३–० असा लागला. पुढे युद्धात तो वैमानिक झाला व १९४३ साली शिक्षणाच्या उड्डाणातच ह्यूरन सरोवरावर मरण पावला. तोच माणूस, तोच वर्ण, तेच पाय. नावाच्या एका अक्षराने दार उघडावे व दुसऱ्याने मिटावे! जातीच्या कोष्टकांचा पोरकटपणा याहून स्पष्ट कोठे दिसेल असे आम्हांस वाटत नाही.

असो. १ जानेवारी १९४२ चा दिवस डरहॅममध्ये पावसाचा उजाडला. मैदान निसरडे झाले होते. ड्यूकच्या खेळाडूंच्या हातांतून चेंडू वरचेवर निसटू लागला. प्रथम डॉन डर्डन याने पंधरा यार्ड पळून ऑरेगन स्टेटचे खाते उघडले, मग ड्यूकने बरोबरी केली, आणि मध्यंतरास ७–७ असे होते. सामन्याच्या उत्तरार्धात बॉब डेथमन याने फेकलेला चेंडू जॉर्ज झेलिकने झेलून पुन्हा आघाडी मिळवून दिली. ड्यूकने तीही भरून काढली. १४–१४ असे झाले असता डेथमनने पुन्हा लांब चेंडू फेकला. तो जीन ग्रे नावाच्या मुलाने पळता पळता दोन्ही हातांत घेतला व तसाच पुढे धावत सुटला. त्या एका डावात ६८ यार्डांची मजल मारली गेली. त्यानंतरची लाथ चुकली, म्हणून २०–१४. ड्यूकला पुढे दोन गुण मिळाले, परंतु शेवटच्या त्यांच्या सर्व चढाया मध्येच अडविल्या गेल्या आणि २०–१६ असा अखेरचा निकाल लागला. ज्यांस कोणी मोजीत नव्हते ते जिंकले. त्या कॉलेजाने त्यानंतर आणखी दोनदा रोझ बोल खेळला, १९५७ व १९६५ साली. दोन्ही वेळा हार झाली. तेव्हा पसाडीनाचा त्यांचा एकमेव विजय पसाडीनात झालेलाच नाही.

वाचकांनी जीन ग्रे हे नाव व त्याचे दोन हात ध्यानात ठेवावेत.

सामना संपला आणि दोन्ही संघ पांगले. बहुतेक सारे सैन्यात गेले. ऑरेगन स्टेटने १९४३ व १९४४ या दोन्ही वर्षी संघच उभा केला नाही; खेळावयास गडी कोठून आणावे? ड्यूकमध्ये आरमारी अधिकाऱ्यांचे शिक्षण चालू असल्याने तेथे खेळ चालू राहिला. पण त्यांचा शिक्षक वेड तेथे राहिला नाही. त्या वेळी तो एकूणपन्नास वर्षांचा होता, पहिल्या महायुद्धात सैन्यात राहून आला होता, आणि घरी बसला असता तर त्यास कोणी बोल लावला नसता. परंतु आपले खेळाडू जात असता आपण मागे राहावे हे त्यास रुचले नाही व तो तोफखान्यात दाखल होऊन युरोपात गेला. आमच्या मते या हकीकतीतील वडीलधाऱ्यांपैकी ज्याच्यापुढे मान लवावी असा हाच एक पुरुष होय. मैदानावर कडक म्हणून तो प्रसिद्ध होता, पण जे इतरांकडून मागितले ते स्वतः द्यावयास तो चुकला नाही.

युद्धात या मुलांच्या वाटा पुन्हा पुन्हा एकमेकींस छेदून गेल्या. १९४४ साली इटलीत ड्यूकचा चार्ल्स हेन्स छातीस जबर जखम होऊन एका टेकडीवर पडला. कित्येक तास त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू शकला नाही. अखेर ज्यांनी त्यास उचलून खाली आणिले त्यांत ऑरेगन स्टेटचा फ्रँक पार्कर होता. दोन वर्षांपूर्वी डरहॅमच्या मैदानावर हे दोघे एकमेकांविरुद्ध बाजूंस होते. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात बेल्जममधील घनघोर लढाईत ऑरेगन स्टेटचा स्टॅन चेक गारठलेला असता एका अधिकाऱ्याने त्यास कॉफी दिली. पाहतो तो समोर वॉलेस वेड! अशा गाठी कादंबरीकाराने घातल्या असत्या तर आम्ही त्यास अतिशयोक्तीबद्दल टोकले असते.

सर्वच परत आले असे नाही. ड्यूकचे वॉल्टर ग्रिफिथ, बॉब नानी व अल हूव्हर आणि ऑरेगन स्टेटचा एव्हरेट स्मिथ हे चौघे पॅसिफिकमधील युद्धात पडले. पेलेलिऊ बेटावर हातबाँब येऊन पडला तेव्हा सोबत्यांस वाचविण्याकरिता हूव्हरने त्यावर आपले शरीर टाकले. जीन ग्रे वैमानिक झाला, जर्मनीवरील मोहिमांतून सुखरूप परतला, आणि युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर, १९४८ साली, पनामात त्याचे विमान कोसळले. त्यात त्याचे दोन्ही हात गेले. ६८ यार्डांच्या त्या धावेचे वर्णन आम्ही वर केले तेव्हा ही ओळ पुढे लिहावी लागणार, हे आमच्या मनातून जात नव्हते.

आणि योशिहारा? सामन्यानंतर सात आठवड्यांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली. त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांस घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश जन्मतः अमेरिकेचे नागरिक होते. पोर्टलंडच्या कुटुंबांस प्रथम जनावरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत ठेविले. जेथे बैल बांधीत तेथे आजी-आजोबा, सुना, नातवंडे यांनी पडदे लावून खोल्या केल्या. तेथून बहुतेकांची रवानगी आयडाहोतील मिनिडोकाच्या माळावर झाली. योशिहाराही मिनिडोकास गेला. घरातील चार पिढ्या एका छपराखाली नांदविण्यात कोणती दगदग असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको; त्याच पिढ्या काटेरी तारांच्या आत एका खोलीत, ना स्वतःची चूल ना भिंत, कशा राहिल्या असतील याची कल्पना गृहिणींनीच करावी. सर्वांचे जेवण एका मोठ्या भोजनगृहात होई, व त्यामुळे मुले आईबापांपासून निराळी, मित्रांबरोबर जेवू लागली. त्या काळाविषयी पुढे बोलताना कित्येक वृद्धांनी तारांहून या गोष्टीचे दुःख अधिक सांगितले आहे.

ज्या हुकूमशहांविरुद्ध लढावयास संघातील इतर मुले गेली, त्यांच्याच देशात हे घडत होते. याचा दोष एकट्या डेविट साहेबांच्या किंवा एकट्या रूझवेल्ट साहेबांच्या माथी मारून चालणार नाही. वर्तमानपत्रे, वरिष्ठ न्यायालय, शेजारीपाजारी, कोणीच फारसे आडवे आले नाही. भीती वाटणे स्वाभाविक होते हे आम्हांस मान्य आहे. परंतु जर्मन किंवा इटालियन आडनावाच्या अमेरिकनांस असे सरसकट कोणी उचलले नाही. ड्यूकच्या व ऑरेगन स्टेटच्या दोन्ही संघांत युरोपातील नानाविध आडनावे होती आणि ती सर्व मैदानात उतरली. तेव्हा भीतीने दिशा निवडली ती चेहरा पाहून, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

१९८८ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने या अन्यायाबद्दल क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर देऊ केले. योशिहाराचे शिक्षण मात्र त्या कॉलेजात पुरे झाले नव्हते. २००८ च्या जून महिन्यात त्या संस्थेने, म्हणजे एव्हाना ऑरेगन स्टेट विद्यापीठाने, १९४२ साली ज्यांचे शिक्षण असे तुटले त्या ४२ जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांस सन्मान्य पदव्या दिल्या. त्यांतील कित्येक तोपर्यंत वारले होते व त्यांच्या पदव्या मुलानातवंडांनी घेतल्या. योशिहारा हयात होता. पुढच्या वर्षी तो वारला. ड्यूकच्या मैदानास १९६७ पासून वॉलेस वेडचे नाव आहे. रोझ बोल त्यानंतर पसाडीनाबाहेर खेळला गेला तो एकदाच, १ जानेवारी २०२१ रोजी, टेक्सासमध्ये. त्या वेळी कारण युद्ध नव्हते, साथीचा रोग होता.